बंब येईपर्यंतचा कारभार : गावाच्या आगीत धावणाऱ्यांना अधिकार कोणाचा?

शहरात आग लागली की अग्निशमन दलाला पाचारण करण्याचा मार्ग ठरलेला आहे. शहराला खेटून वाढलेल्या मोठ्या गावांत मात्र आग विझविण्याचे पहिले काम गावकरीच करतात. या स्वयंस्फूर्त हातांना कायद्याचे बळ, शिस्त, साहित्य आणि विम्याचे कवच कसे देता येईल, याचा गडमुडशिंगीच्या निमित्ताने घेतलेला वेध.

उन्हाळ्याची दुपार असते. उसाच्या फडावरून गेलेल्या वीजतारा वाऱ्याने एकमेकींना घासतात, ठिणगी पडते आणि वाळलेले पाचट पेट घेते. धुराचा लोट दिसताच कोणी मोटारसायकलवरून गावाकडे सुटतो, कोणी देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून हाक देतो, कोणी महावितरणच्या वायरमनला दूरध्वनी लावतो. तालमीतली पोरे, तरुण मंडळांचे कार्यकर्ते, शेजारच्या रानातले गडी हातात ओल्या फांद्या आणि विळे घेऊन धावतात. पुढच्या सऱ्यांतला ऊस तोडून आगीच्या वाटेत मोकळा पट्टा पाडला जातो. पाण्याचा टँकर जोडलेला ट्रॅक्टर येतो. अग्निशमन बंब पोहोचेपर्यंत बहुधा निकाल लागलेला असतो. फड वाचलेला असतो किंवा जळीत उसाच्या कपातीची चिंता शेतकऱ्याच्या कपाळावर उमटलेली असते.

पश्चिम महाराष्ट्रातील कोणत्याही बागायती गावात दिसणारे हे दृश्य आहे. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी त्याला अपवाद नाही. मात्र या गावाची गोष्ट निव्वळ उसाच्या फडापुरती राहिलेली नाही. कोल्हापूरच्या पूर्वेकडील या गावाच्या एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ आहे. त्याच्या विस्तारासाठी गडमुडशिंगीचीच जमीन संपादित झाली. दुसरीकडे गांधीनगरची कपड्यांची घाऊक बाजारपेठ आहे आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहतही लांब नाही. शेतातली गवताची गंजी, गुऱ्हाळघराचे चिपाड, दाटीवाटीची जुनी घरे, नव्या वसाहती, गोदामे आणि दुकाने असे सगळे एकाच पंचक्रोशीत नांदते. आगीचा धोका शहरासारखा आणि कारभार मात्र गावाचा, अशी ही स्थिती आहे.

वीस मिनिटांचे अंतर

आग वाढण्याचा वेग विलक्षण असतो. पहिल्या मिनिटाला तांब्याभर पाण्याने विझणारी आग दुसऱ्या मिनिटाला बादली मागते आणि तिसऱ्या मिनिटाला टाकी, असे अग्निशमनाच्या क्षेत्रात सांगितले जाते. केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेने बंब घटनास्थळी पोहोचण्यासाठी जे मापदंड सुचविले, त्यांत शहरी भागासाठी पाच ते सात मिनिटे आणि ग्रामीण भागासाठी वीस मिनिटे धरलेली आहेत. याचा अर्थ, यंत्रणा अगदी कागदावरच्या अपेक्षेप्रमाणे चालली तरी खेड्यातील आगीची पहिली वीस मिनिटे गावकऱ्यांच्याच हाती असणार.

कोल्हापूर महापालिकेचे अग्निशमन दल मुख्यतः शहराच्या हद्दीसाठी आहे. शेजारधर्म म्हणून ते हद्दीबाहेरही धावून जाते, परंतु त्याच वेळी शहरात दुर्घटना घडली तर पहिला हक्क शहराचा असतो. औद्योगिक विकास महामंडळाची स्वतंत्र अग्निशमन सेवा औद्योगिक वसाहतींसाठी उभारलेली आहे. गडमुडशिंगीच्या कुंपणापलीकडे विमानतळावर अत्याधुनिक बंब उभे असले, तरी त्यांना आंतरराष्ट्रीय नियमांचे बंधन आहे. धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचण्याची तयारी त्यांना ठेवावी लागते. एखादा बंब बाहेर गेला, तर विमानतळाची अग्निसुरक्षेची श्रेणी खालावते आणि विमानांच्या वाहतुकीवर परिणाम होऊ शकतो. आणीबाणीत ही सारी दले मदत करतात. मात्र गावाला त्यांच्यावर आपला हक्क सांगता येत नाही.

बंब जवळ असणे म्हणजे सुरक्षितता, असेही नव्हे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये 'पॅलेस थिएटर' म्हणून उभारलेली ही वास्तू भर शहरात, अग्निशमन दलाच्या आवाक्यात असूनही आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. सुरुवातीची मिनिटे हातची गेली की पुढे बंबांची रांग लागली तरी उपयोग मर्यादितच होतो, हा धडा त्या रात्रीने दिला.

राज्यघटनेतील दोन याद्या

गावाकडे अग्निशमन दल का नाही, याचे उत्तर केवळ निधीच्या टंचाईत शोधणे पुरेसे नाही. ते कायद्याच्या रचनेतही आहे. १९९३ मध्ये ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. त्यातून राज्यघटनेला दोन नव्या अनुसूची जोडल्या गेल्या. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय आहेत, तर बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवावयाचे १८ विषय आहेत. बाराव्या अनुसूचीत 'अग्निशमन सेवा' हा सातवा विषय आहे. अकराव्या अनुसूचीच्या २९ विषयांत शेतीपासून ग्रंथालयांपर्यंत आणि मासेमारीपासून गरिबी निर्मूलनापर्यंत बरेच काही आहे; अग्निशमन मात्र नाही. आग ही जणू शहराचीच आपत्ती आहे, असे गृहीत धरून ही विभागणी झाली.

राज्याच्या कायद्यात गावाच्या वाट्याला थोडे अधिक आले आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाला जोडलेल्या यादीत गावाच्या संरक्षणासंबंधीच्या कामांमध्ये आग विझविण्यास साहाय्य करणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे, याचा समावेश आहे. अर्थात हे कर्तव्य ग्रामनिधी परवानगी देईल तितपतच पार पाडावयाचे आहे. येथे 'साहाय्य' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. साहाय्य करावयाचे म्हणजे मुख्य काम दुसऱ्या कोणी तरी करावयाचे. तो दुसरा कोण, हे यादी सांगत नाही. प्रत्यक्षात पहिल्या वीस मिनिटांत दुसरा कोणी नसतोच. तथापि याच शब्दांत ग्रामपंचायतीसाठी एक दार उघडे आहे. आग विझविण्याची व्यवस्था करणे हे आपल्या अधिकाराबाहेरचे काम आहे, असे कोणत्याही ग्रामपंचायतीला म्हणता येणार नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने या दाराला आणखी बळकटी दिली. या कायद्यानुसार 'स्थानिक प्राधिकरण' या संज्ञेत पंचायत राज संस्थाही येतात. आपले अधिकारी व कर्मचारी प्रशिक्षित असतील आणि आपत्तीच्या वेळी लागणारी साधनसामग्री वापरण्याजोग्या स्थितीत असेल, हे पाहण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकलेली आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून राज्यात लागू झाला. इमारतीत अग्निसुरक्षेची साधने बसविणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, हे त्याने स्पष्ट केले. हा कायदा प्रामुख्याने इमारतींचा आहे. आग लागल्यावर धावणाऱ्या गावकऱ्याचे स्थान काय, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

कोल्हापूरच्या भोवतीच्या गावांना हा प्रश्न अधिक जाचतो. १९७२ मध्ये कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका झाली, पण त्यानंतर कित्येक दशके शहराची हद्द जिथल्या तिथेच राहिली. हद्दवाढीच्या बाजूने आणि विरोधात आंदोलने झाली. २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. या साऱ्या काळात वस्ती वाढत गेली, घरावर घर चढले, गोदामे उभी राहिली. गाव शहरात जाणार की नाही, या वादाचा निकाल केव्हाही लागो. आग त्या निकालाची वाट पाहत नाही.

धाडस आहे, व्यवस्था नाही

कोल्हापूर जिल्ह्याला स्वयंसेवेची परंपरा नवी नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तालमी, तरुण मंडळे आणि गावोगावच्या युवकांनी केलेले काम सर्वांनी पाहिले. 'व्हाइट आर्मी'सारखी कोल्हापूरची स्वयंसेवी संस्था आपत्तीच्या काळातील बचावकार्यासाठी ओळखली जाते. गावातही आग लागली की माणसे बोलवावी लागत नाहीत. प्रश्न माणसे आल्यानंतर सुरू होतो.

पन्नास माणसे जमली की पन्नास सल्ले मिळतात. वीजपुरवठा खंडित झाल्याची खात्री न करताच पाणी मारले जाते. तेल पेटले असताना त्यावर बादली ओतली जाते आणि भडका उडतो. सामान वाचविण्यासाठी कोणी धुराने भरलेल्या खोलीत शिरतो. कपड्यांच्या किंवा प्लॅस्टिकच्या आगीत ज्वाळेपेक्षा धूर अधिक घातक असतो आणि दोन-चार श्वासांतच माणूस कोसळू शकतो, याची त्याला कल्पना नसते. बघ्यांच्या दुचाक्यांनी रस्ता अडतो आणि दूरवरून आलेला बंब गल्लीच्या तोंडाशी थांबतो. विहिरीवरचा पंप कोणाचा, त्याची किल्ली कोणाकडे, टँकर भरलेला आहे की रिकामा, हे ऐनवेळी शोधावे लागते. यात दोष धावणाऱ्यांचा नाही. त्यांना कोणी शिकविलेले नसते आणि त्या क्षणी कोणाचे ऐकायचे हेही ठरलेले नसते.

आणखी एक बाजू आहे, तिची चर्चा क्वचितच होते. आग विझविताना एखादा तरुण भाजला, छपरावरून पडला किंवा जिवाला मुकला, तर त्याच्या कुटुंबाची जबाबदारी कोणाची? महापालिकेच्या फायरमनला सेवाशर्तींचे संरक्षण असते. गावच्या तरुणाच्या वाट्याला सत्काराचा नारळ आणि श्रद्धांजलीचा फलक येतो.

अधिकार म्हणजे नेमके काय?

अग्निशमन दलाची ताकद पाण्याच्या फवाऱ्याइतकीच त्याच्या वैधानिक अधिकारात असते. आगीच्या ठिकाणी अडथळा आणणाऱ्यास दूर करणे, रस्ता बंद करणे, आग विझविण्यासाठी कुलूप वा भिंत फोडून आत शिरणे, वेळप्रसंगी लगतचे बांधकाम पाडणे असे अधिकार शहरांच्या कायद्यांनी आगीवर काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना दिलेले आहेत. हे करताना झालेले नुकसान विम्याच्या दृष्टीने आगीनेच झालेले नुकसान समजले जाते. त्यामुळे भिंत फोडणाऱ्या फायरमनच्या मनात उद्याच्या दाव्याची धास्ती राहत नाही.

गावकऱ्याला असे विशेष अधिकार नाहीत. तरीही तो अगदीच निराधार आहे, असे नव्हे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८१ मध्ये मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, असे तत्त्व होते. त्याचे उदाहरण म्हणून कायद्यानेच आगीचा प्रसंग दिलेला आहे : मोठी आग पसरू नये आणि माणसांचे प्राण वा मालमत्ता वाचावी, या हेतूने एखाद्याने घरे पाडली, तर तो दोषी ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये हेच तत्त्व कायम आहे. मात्र हे संरक्षण खटल्यात बचाव म्हणून कामी येते. आगीच्या क्षणी 'बाजूला व्हा' असे सांगण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. तो अधिकार मिळण्यासाठी गावाने आणि शासनाने त्या माणसाला आधीच कोणते तरी स्थान द्यावे लागते.

आपल्याकडे आगीचा कारभार कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न जुना आहे. मुंबईत एकोणिसाव्या शतकात अग्निशमन हे पोलिसांचे काम होते. १८८७ मध्ये ते महापालिकेकडे आले. लोकनियुक्त संस्थेकडे ही सेवा आल्यामुळे तिचा खर्च, तिची माणसे आणि तिचे यशापयश यांचा जाब विचारण्याची सोय झाली. या सेवेने मोजलेली किंमतही मोठी आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या जहाजावर झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळला जातो. पगारी आणि प्रशिक्षित जवानांचेही प्राण जिथे पणाला लागतात, तिथे अप्रशिक्षित तरुणाला केवळ उत्साहाच्या भरवशावर पुढे करणे कितपत योग्य, याचा विचार व्हायला हवा.

जगाने काय केले?

जगाच्या मोठ्या भागात आग विझविण्याचे काम स्वयंसेवकच करतात. अमेरिकेत १७३६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी फिलाडेल्फियात नागरिकांची अग्निशमन कंपनी स्थापन केली. आजही तेथील एकूण अग्निशामकांपैकी जवळपास दोनतृतीयांश स्वयंसेवक आहेत. लहान शहरांमध्ये नगर परिषद ठराव करून स्वयंसेवी दलाला मान्यता देते, दलाच्या प्रमुखाचे अधिकार व कर्तव्ये लिहून ठेवते आणि सामग्री खरेदी करते. स्वयंसेवक वेळ देतात, परंतु हिशेब आणि जबाबदारी शहराची असते.

जर्मनीत स्वयंसेवी अग्निशमन दलांची सदस्यसंख्या दहा लाखांच्या घरात आहे. बव्हेरिया राज्याचे उदाहरण बोलके आहे. तेथे अग्निशमन हे प्रत्येक गावाचे बंधनकारक कर्तव्य आहे. दलाचे सक्रिय सदस्य आपला प्रमुख गुप्त मतदानाने निवडतात, मात्र त्याची पात्रता पाहून गावाच्या प्रशासनाने शिक्कामोर्तब करावे लागते. कामावरून उठून आगीवर धावलेल्या सदस्याचा पगार मालकाला कापता येत नाही. खासगी मालकाला ती रक्कम गावाकडून परत मिळते. पुरेसे स्वयंसेवक मिळाले नाहीत, तर नागरिकांना सक्तीने दलात घेण्याचीही तरतूद आहे. म्युनिकसारख्या महानगरातही पगारी दलाच्या जोडीला स्वयंसेवी दल आहे.

जपानमध्ये १९४७ च्या अग्निशमन संघटना कायद्याने गावोगावच्या स्वयंसेवी दलांना नगरशासनाचा भाग बनविले. सदस्यांना अर्धवेळ लोकसेवकाचा विशेष दर्जा असतो, मानधन मिळते आणि दुखापत झाल्यास भरपाई मिळते. दलप्रमुखाची नेमणूक महापौर करतो आणि घटनास्थळी हे दल पगारी अग्निशमन अधिकाऱ्याच्या आज्ञेत काम करते. तरीही तेथील चित्र पूर्ण समाधानाचे नाही. १९५० च्या दशकात वीस लाखांच्या आसपास असलेली सदस्यसंख्या २०२२ मध्ये आठ लाखांच्या खाली आली. तरुण शहरांकडे गेले, नोकरीच्या वेळा बदलल्या. स्वयंसेवा ही आपोआप टिकणारी गोष्ट नसून ती जोपासावी लागते, हे यातून दिसते.

या तिन्ही देशांच्या पद्धती निरनिराळ्या आहेत, पण एक सूत्र समान आहे. स्वयंसेवकांना मोकळे सोडून दिलेले नाही आणि नोकरासारखे राबविलेलेही नाही. त्यांची नोंद, प्रमुख, प्रशिक्षण, साहित्य आणि भरपाई या पाच बाबी लेखी ठरलेल्या आहेत.

आपल्या घरातील उदाहरणे

परदेशाकडे पाहण्यापूर्वीच या मातीत असा प्रयोग झालेला आहे. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत होमगार्ड ही स्वयंसेवी संघटना उभी राहिली आणि १९४७ च्या मुंबई होमगार्ड अधिनियमाने तिला कायद्याचा पाया मिळाला. एरवी आपापला व्यवसाय करणारा हा नागरिक कर्तव्यावर बोलावला गेला की त्याला पोलीस अधिकाऱ्याप्रमाणे अधिकार आणि संरक्षण मिळते. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याने युद्धकाळासाठी स्वयंसेवकांची फळी उभारण्याची सोय केली. पुढे त्या कायद्याच्या कक्षेत आपत्ती व्यवस्थापनही आले. १९५१ च्या पोलीस अधिनियमात गावांच्या रक्षणासाठी ग्रामरक्षक दलांची तरतूद आहे. २०१६ मध्ये राज्याने अवैध दारूला आळा घालण्यासाठी दारूबंदी कायद्यात दुरुस्ती करून ग्रामसभेच्या माध्यमातून ग्रामरक्षक दले स्थापण्याचा मार्ग खुला केला. चोरी आणि दारू यांच्या बंदोबस्तासाठी गावकऱ्यांना कायद्याने स्थान देता येते, तर आगीसाठी ते का देता येऊ नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

इतर राज्यांनी तसे प्रयत्न केले आहेत. दिल्ली अग्निशमन सेवा अधिनियम, २००७ मध्ये गरज भासल्यास स्वयंसेवकांची नोंदणी करून साहाय्यक अग्निशमन दल उभारण्याचा अधिकार शासनाला दिलेला आहे. केरळने २०१८ च्या महापुरानंतर अधिक ठोस पाऊल उचलले. राज्यातील १२४ अग्निशमन केंद्रांपैकी प्रत्येकाशी ५० स्वयंसेवक जोडून ६,२०० जणांचे नागरी संरक्षण दल उभारण्याचा निर्णय तेथे झाला. या योजनेत स्वयंसेवक हवेत तरंगत नाही. त्याचे नाव एका केंद्राच्या पटावर असते, प्रशिक्षण तेथेच होते आणि घटनास्थळी कोणाचा शब्द चालणार, हे त्याला आधीच ठाऊक असते.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजनाही याच वाटेवरची आहे. २०१६ मध्ये पूरप्रवण जिल्ह्यांपासून सुरू झालेली ही योजना पुढे देशातील ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्यासाठी विस्तारली गेली. बारा दिवसांचे प्रशिक्षण, आपत्कालीन साहित्याचा संच आणि विमा यांचा तिच्यात समावेश करण्यात आला. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना केंद्राने २०२३ मध्ये जाहीर केली. निधी आणि प्रशिक्षण यांचे प्रवाह वाहत आहेत. ते गावाच्या वेशीपर्यंत आणण्यासाठी गावाकडे एक अधिकृत, नोंदणीकृत दल असणे उपयोगाचे ठरते.

ग्रामसभेच्या एका ठरावाने काय साधेल?

नवा कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. गडमुडशिंगीसारखी ग्रामपंचायत आजच्या अधिकारांतही बरेच काही करू शकते. ग्रामसभेने ग्राम अग्निशमन पथकाचा ठराव करून त्यात पुढील बाबी स्पष्ट कराव्यात.

पहिली बाब नोंदीची. पथकात कोण आहेत, त्यांचे वय, प्रकृती आणि उपलब्धतेची वेळ यांची यादी ग्रामपंचायतीत असावी. नोकरीनिमित्त दिवसा गावाबाहेर असणाऱ्या तरुणांवरच यादी बेतली, तर दुपारच्या आगीला कोणी उरत नाही. म्हणून शेतकरी, दुकानदार आणि महिला बचत गटांच्या सदस्यांना त्यात स्थान असावे. स्वयंपाकघरातील गॅसगळतीच्या वेळी सर्वांत आधी तेथे असते ती घरातली स्त्रीच. रेग्युलेटर बंद करणे, विजेची बटणे न दाबणे, दारे-खिडक्या उघडणे हे प्रशिक्षण तिला मिळाले, तर अनेक आगी लागण्यापूर्वीच टळतील.

दुसरी बाब आज्ञेची. पथकाला एक प्रमुख आणि एक उपप्रमुख असावा. निवड सदस्यांनी करावी, मान्यता ग्रामसभेने द्यावी. बंब आला की सूत्रे अग्निशमन अधिकाऱ्याकडे जातील आणि पथक त्याच्या आज्ञेत काम करील, हे ठरावात निःसंदिग्ध शब्दांत असावे.

तिसरी बाब मर्यादांची. पथकाने काय करावयाचे, याइतकेच काय करावयाचे नाही, हे महत्त्वाचे आहे. फडाची, गंजीची, चिपाडाची आणि घराबाहेरची आग आटोक्यात ठेवणे, माणसे व जनावरे बाहेर काढणे, वीजपुरवठा बंद करवून घेणे, गर्दी हटवून बंबासाठी रस्ता मोकळा ठेवणे आणि पाण्याची जागा दाखविणे ही पथकाची कामे. श्वसनयंत्राशिवाय धुराने भरलेल्या गोदामात शिरणे, रसायनांच्या किंवा गॅस सिलिंडरच्या साठ्याजवळ जाणे हे त्याचे काम नव्हे.

चौथी बाब साहित्याची. गावाला महागडा बंब परवडणार नाही आणि तो घेतला तरी चालक व देखभाल यांचा खर्च पेलणार नाही. मात्र ट्रॅक्टरला जोडलेला कायम भरलेला टँकर, त्यावर इंजिनचा पंप, पुरेसा होज पाइप, अग्निशामक सिलिंडर, हेल्मेट, बूट, हातमोजे, दोर, शिडी, आकडे आणि विजेऱ्या एवढा संच आवाक्यातला आहे. गावातील विहिरी, कूपनलिका आणि पाण्याच्या टाक्या यांचा नकाशा करून टाकीला होज जोडण्याची सोय ठेवली, तर बाहेरून आलेल्या बंबालाही पाण्यासाठी दूर जावे लागणार नाही. हे सारे साहित्य ग्रामपंचायतीच्या मालकीचे असावे आणि त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत व्हावी.

पाचवी बाब प्रशिक्षण आणि विम्याची. महापालिका, औद्योगिक विकास महामंडळ आणि विमानतळ या तिन्ही दलांकडे शिकविण्याजोगे ज्ञान आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. त्यांच्यामार्फत वर्षातून किमान दोनदा सराव ठेवता येईल. एक ऊस वाळण्याच्या हंगामापूर्वी आणि दुसरा दिवाळीच्या आधी. प्रत्येक सदस्याचा सामूहिक अपघात विमा ग्रामनिधीतून किंवा सहकारी संस्थांच्या साहाय्याने उतरविता येईल. विम्याविना एकाही सदस्याला पुढे पाठवू नये, ही अट ठरावातच असलेली बरी.

सहावी बाब शेजारधर्माची. आग हद्द पाहत नाही. गडमुडशिंगी, उचगाव, उजळाईवाडी, सरनोबतवाडी, वळिवडे, गांधीनगर या गावांनी परस्परांना मदत करण्याचा लेखी करार केला, तर एका गावाचा टँकर दुसऱ्याच्या कामी येईल. हाच करार महापालिका आणि औद्योगिक वसाहतीच्या दलांशी झाला, तर बाहेर गेलेल्या बंबाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा ऐनवेळचा घोळ टळेल.

दोन धोके

या कल्पनेवर दोन आक्षेप येऊ शकतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की गावाने स्वतःचे पथक उभारले की शासन आपली जबाबदारी झटकेल. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच ग्राम पथक हे पूर्णवेळ अग्निशमन केंद्राला पर्याय नाही, हे ठरावातच नमूद करावे. शहराभोवतीच्या गावांच्या समूहासाठी एक सुसज्ज केंद्र असावे, ही मागणी कायम ठेवूनच पथक उभे राहिले पाहिजे. केंद्र पाच किलोमीटरवर आले, तरी पहिली पाच-सात मिनिटे गावाचीच राहणार आहेत.

दुसरा धोका गावच्या राजकारणाचा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतील गट-तट पथकात शिरले, तर टँकरची किल्ली एका गटाकडे आणि पंप दुसऱ्या गटाच्या गोठ्यात, अशी अवस्था व्हायला वेळ लागणार नाही. सत्ताबदल झाला की जुने पथक मोडून नवे करण्याचा मोह होईल. याला उतारा लेखी नियमांचाच आहे. सदस्यत्व प्रशिक्षणावर ठरावे, निष्ठेवर नव्हे. साहित्य ग्रामपंचायतीच्या आवारात राहावे, खर्चाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा आणि प्रत्येक आगीनंतर काय जमले, काय चुकले, याची टिपणी ठेवली जावी.

राज्य शासनालाही यात करण्यासारखे आहे. दारूबंदीसाठी ग्रामरक्षक दलांना जसे कायद्याचे स्थान मिळाले, तसे ग्राम अग्निशमन पथकांना मिळावे. घटनास्थळी रस्ता मोकळा करण्याचा आणि आत शिरण्याचा मर्यादित अधिकार पथकप्रमुखास असावा. जखमी सदस्याच्या उपचाराची आणि मृत सदस्याच्या कुटुंबाच्या आधाराची हमी असावी. पंचायतींच्या विषयसूचीत अग्निशमनाचा उल्लेख नसला, तरी राज्याला असे करण्यास त्यामुळे अडसर येत नाही.

फड पेटला की गडमुडशिंगीची पोरे पूर्वीही धावत होती आणि पुढेही धावतील. त्यांना धावायला सांगण्यासाठी कोणत्याही ठरावाची गरज नाही. धावताना पायात बूट असावेत, हातातल्या पाइपमध्ये पाणी असावे, कोणाचे ऐकायचे ते ठाऊक असावे आणि काही बरेवाईट झाले तर घरच्यांच्या मागे गाव व शासन उभे असावे, एवढ्यासाठी तो ठराव हवा आहे.